भागीदार म्हणता, मग वाटा कुठे आहे?

दसरा-दिवाळी झाली की भूम, वाशी, परंडा या बाजूच्या गावांतून कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. उचल मुकादमाने दिलेली, तोडीचा हुकूम कारखान्याचा, ऊसही कारखान्याच्याच गव्हाणीत पडणार. पण फडात कुणाला सर्पदंश झाला, मोळी घेऊन ट्रकवर चढताना कुणी पडले, की कारखाना म्हणतो, हा आमचा कामगार नाही, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणतो, मी कुठला मालक! मालक कोण, याचे उत्तर मिळेपर्यंत हंगाम संपतो.

आता त्याच घरांतील मुले पुण्याला जाऊन घरोघर जेवण आणि सामान पोहोचविण्याचे काम करू लागली आहेत. मुलाच्या हातातला कोयता सुटला याचा आम्हाला आनंदच आहे. पण मुकादम सुटला का, याची आम्हाला शंका आहे. पूर्वी उचल फेडायची, आता मोटारसायकलचा हप्ता फेडायचा. हुकूम देणारा माणूस जाऊन मोबाइल आला, एवढाच काय तो फरक.

या मुलांना कंपनी कामगार म्हणत नाही, 'डिलिव्हरी पार्टनर' म्हणते. पार्टनर म्हणजे भागीदार. शब्द मोठा गोड आहे. आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा 1932 चा भागीदारी कायदा घोकून घोकून पाठ केला होता. त्यात भागीदाराला नफ्यात वाटा असतो आणि हिशेबाच्या वह्या तपासण्याचा हक्क असतो. आपल्या मुलाला कंपनीच्या वह्या कोण दाखवतो? एका फेरीचे किती पैसे, हे तो ठरवीत नाही. गिऱ्हाईक त्याचे नाही. कुणी तक्रार केली आणि कंपनीने त्याचा आयडी बंद केला, की दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी. पेट्रोल, पंक्चर आणि पावसाळा मात्र पूर्णपणे त्याच्या मालकीचे!

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. ती म्हणते, हा वाटेल तेव्हा काम सुरू करतो, वाटेल तेव्हा थांबतो, दुसऱ्या कंपनीचेही काम करतो. मग तो नोकर कसा? हा युक्तिवाद नवा नाही. नागपूरच्या एका विडी कारखान्यातील तीन कामगारांनी 15 दिवसांची पगारी रजा मागितली, तेव्हा मालकाने हेच सांगितले होते. विडी वळणारे मर्जीने येतात-जातात, मजुरी विड्यांच्या संख्येवर, म्हणून ते आमचे कामगार नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1960 साली न्यायालयाने मालकाचे म्हणणे फेटाळले. विडी नमुन्याप्रमाणे नसेल तर मालक ती बाजूला काढतो, तो ताबाच झाला, असे ठरले. (विदर्भातील विडी कामगारांची संघटना त्याच्या कितीतरी आधी कामठीच्या बाबू हरदासांनी उभी केली होती, हे आपल्या तरुणांनी मुद्दाम वाचावे.) मात्र थोड्याच काळाने महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या विडी प्रकरणात निकाल कामगाराच्या विरुद्ध गेला, कारण तिथे कामावर येण्याचे कसलेच बंधन नव्हते. तपशील बदलला की निकाल बदलतो. इंग्लंडमध्ये 2021 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क दिला, तोही करारातील शब्द बाजूला ठेवून, प्रत्यक्ष काम कोणाच्या ताब्यात चालते हे पाहून.

आपल्याकडे सरकारने तिसरीच वाट काढली. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 साली संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात या मुलांना 'प्लॅटफॉर्म कामगार' असे नाव मिळाले. पण व्याख्येतच लिहून ठेवले आहे की हे काम नेहमीच्या मालक-नोकर संबंधाच्या बाहेरचे आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, एवढा पैसा कल्याणासाठी द्यायचा आहे. ऊसतोड कामगारांसाठीही टनामागे 10 रुपये घेऊन महामंडळ चालवायचे ठरले, त्यातलाच हा प्रकार. निधी मिळाला तर हवाच. पण अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, ही जी तरतूद 1923 पासून नोकरदाराला आहे, ती या मुलाला आपोआप मिळत नाही. त्याने योजनेची वाट पाहायची. आमच्या मते ही अर्धी भाकरी आहे. ती घ्यावी, पण पोट भरले असे म्हणू नये.

तोवर घरच्यांनी मुलाकडून काही गोष्टी करून घ्याव्यात. ई-श्रमवर नोंदणी करावी, त्यासाठी आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक लागतो. दर आठवड्याला मिळालेल्या पैशांचा आणि कंपनीच्या प्रत्येक सूचनेचा मोबाइलवर फोटो काढून तो घरी पाठवावा, कारण आयडी बंद झाला की आतले काहीही दिसत नाही. बँकेचे पासबुक भरून घ्यावे. गाडीचा विमा खासगी वापराचा असेल, तर भाड्याच्या कामात अपघात झाल्यास विमा कंपनी अडवू शकते, म्हणून तो कागद विमावाल्याकडून आधीच तपासून घ्यावा. कंपनीने अपघात विमा दिला असेल, तर त्याचा क्रमांक घरातल्या बाईमाणसालाही माहीत असावा. दवाखान्यात धावायची वेळ तिच्यावर येते.