विश्लेषण : ‘सरासरीइतका पाऊस’ झाला, मग सोयाबीन का वाळलं?

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात मोबाईलवर बातमी येते, ‘यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस’. गावात त्याचा हिशोब सोपा असतो. शंभरच्या वर गेला तर वर्ष चांगलं, खाली आला तर दुष्काळ. मग जून-जुलैत पाऊस दडी मारतो, दुबार पेरणीची वेळ येते आणि ‘हवामानवाले काहीही सांगतात’ म्हणून विषय संपतो. 2017 मध्ये तर बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हवामान विभागाविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. प्रश्न असा आहे की अंदाज चुकतो, की तो सांगायची पद्धत चुकते?

आकडा देशाचा, शेत आपलं

2023 चं उदाहरण घ्या. हवामान विभागाने 96 टक्के पावसाचा अंदाज दिला होता. देशात 94 टक्के पडला. मे महिन्यातल्या अंदाजात 4 टक्के कमी-जास्त धरलेलेच असतात. म्हणजे कागदावर अंदाज बरोबर. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वात कोरडा ठरला, पाऊस 36 टक्के कमी. ऐन फुलोऱ्यात, शेंगा भरताना पिकाला पाणी मिळालं नाही. पुढे राज्य सरकारला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला.

जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी 87 सेंटीमीटर आहे. त्यात मेघालयही येतं आणि राजस्थानही. आपल्या शिवारात कधी पडेल, किती दिवसांचा खंड पडेल, हे त्या आकड्यात नसतंच.

एकच शब्द, दोन अर्थ

आपल्या भाषेचीही एक अडचण आहे. आज ढग आले तेही ‘हवामान’ आणि तीस-चाळीस वर्षांचा पावसाचा, उन्हाचा कल तोही ‘हवामान’. म्हणून ‘हवामान बदल’ म्हटलं की लोकांना ढगाळ वातावरण आठवतं. मोहोर गळाला, तुरीवर अळी पडली, सगळं त्याच नावावर खपतं. खरा बदल मात्र एका दिवसात दिसत नाही, तो बऱ्याच वर्षांच्या नोंदींतून दिसतो.

पडण्याची तऱ्हा बदलली

हवा 1 अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त वाफ धरते. ही वाफ एकदम उतरली की ढगफुटीसारखा पाऊस होतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये याचा अभ्यास मांडला. मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 दरम्यान मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, तर एकूण पाऊस मात्र घटला. ‘आठ दिवसांचा पाऊस दोन तासांत पडतो अन् मग महिनाभर ढग नाही’ असं जुनी माणसं म्हणतात. शास्त्रही त्याच दिशेने बोट दाखवतंय.

सांगायचं कसं?

शेतकऱ्याला टक्केवारीपेक्षा तीन गोष्टी कळायला हव्यात : पेरणीजोगा पाऊस कधी, खंड किती दिवसांचा आणि अंदाजाची खात्री किती. ‘60 टक्के शक्यता’ म्हणजे अशा दहा वेळांपैकी चार वेळा पाऊस येणारच नाही, हे स्पष्ट सांगितलं तर विश्वास वाढतो. यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा, हेही सांगावं लागतं.

हे काम करणारी जिल्हा पातळीवरची कृषी हवामान केंद्रं 2024 मध्ये देशभर बंद झाली. त्याच वर्षी ग्रामपंचायतनिहाय अंदाज सुरू झाला. म्हणजे आकडा गावापर्यंत आला, पण तो समजावून सांगणारा माणूस गेला. ही जागा कृषी सहायक आणि ग्रामसभेने भरून काढली पाहिजे. हंगाम संपल्यावर अंदाज काय होता अन् प्रत्यक्षात काय झालं, याचा हिशोबही चावडीवर लागला पाहिजे.

तोपर्यंत शेतकऱ्याच्या हातात दोन गोष्टी आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत वाचता येतो. आणि व्हॉट्सॲपवर कितीही तारखा फिरल्या तरी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल आल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये.