रिमॅपिंग शिका, पण आधी इंजिन उघडा

परवा सात रस्त्यावर चहा घेताना ओळखीचा एक पोरगा भेटला. बारावी झालेला, घरी चार एकर, बगलेत लॅपटॉप. म्हणाला, "साहेब, डिझेल गाडीचं रिमॅपिंग शिकतोय. एका गाडीमागं चांगले पैसे सुटतात." मी विचारलं, "इंजेक्टर कधी काढून बघितलास का?" तर हसला. "त्याची आता काय गरज?"

माझं दुखणं इथंच आहे.

ज्या शेतकरी बंधूंना ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या इंजिनाला डिझेल किती जायचं ते पंप बसवणारा मिस्त्री ठरवायचा. कॉमन रेलच्या गाडीत ते काम ईसीयू नावाची संगणकाची पेटी करते. फेरे किती, हवा किती, पेडल किती दाबलंय हे सेन्सरवरून बघायचं आणि आतल्या तक्त्याप्रमाणे इंजेक्टरला हुकूम द्यायचा. हा तक्ता म्हणजे मॅप. त्यातले आकडे बदलणं म्हणजे रिमॅपिंग. जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून ही पेटी आपल्या बांधावरही आली आहे.

आकडा वाढवला की ताकद वाढते, हे खोटं नाही. पण उसाला युरिया वाढवत गेलं की ऊस लोळतो, तसंच हे. डिझेल जास्त आणि हवा अपुरी झाली की काळा धूर सुटतो. आतली उष्णता टर्बो आणि पिस्टनवर येते, वाढलेला जोर क्लचवर. वर आपलं चाळिशीपारचं ऊन आणि गाडीत ठासून भरलेला माल! माती परीक्षण न करता खत टाकणाऱ्याला मी बोलतो, मग याला का सोडू?

माझ्या माहितीतल्या एका बागायतदाराने कर्जावर पिकअप घेतली होती. फाईल भरता भरता बॅटरी बसली, पेटी मेली. मूळ फाईल कुणी जपली नव्हती. ऐन तोडणीत गाडी दारात उभी.

म्हणून पोरांनो, आधी हात काळे करा. आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा कोर्स एका वर्षाचा आहे. मग स्कॅनर लावून दोष वाचायला शिका. माझ्या मते खरी रोजी त्यातच आहे, कारण दिवा लागलेली गाडी घेऊन गावची माणसं शहराला पळतात. फाईल काढली की मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवायची. चार्जर जोडल्याशिवाय लिहायचं नाही. धुराची जाळी काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादाला तर लागूच नका. नोंदणी पुस्तकातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल केला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. 2015 साली फोक्सवॅगनसारखी कंपनी पेटीतल्या लबाडीपायी जगभर अडचणीत आली, तिथं आपण कोण!

सरपंच-ग्रामसेवक मंडळींना एक सांगणं. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यात 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. आपल्या भागातल्या केंद्रात इंजिनाचे दोष शोधण्याचं शिक्षण मिळावं, असा ठराव ग्रामसभेत घ्यायला काय हरकत आहे?

त्या पोराला मंगळवारी विजापूर रोडच्या आयटीआयला ये म्हणालोय. लॅपटॉप घरी ठेवून ये, असंही सांगितलंय.