जीभ जळते, हे खोटं नाही

‘जीभ जळते. ठेचा तर सोडाच, ऊन भाकरीसुद्धा खाववत नाही,’ असं बाई सांगते. डॉक्टर तोंडात बॅटरी मारून बघतात. फोड नाही, चट्टा नाही. मग ‘मनाचं आहे, विचार कमी करा’ म्हणून तिची बोळवण होते. न दिसणारं दुखणं बाईचं असलं, की ते खोटं ठरवायला पुरावा लागत नाही.

पण हे दुखणं खरं आहे. वैद्यकशास्त्रात त्याला ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ असं नाव आहे. पुरुषांपेक्षा बायकांत, त्यातही पाळी जाण्याच्या सुमारास आणि नंतर, ते जास्त आढळतं.

बीडमध्ये म्हणूनच त्याकडे लक्ष द्यायला हवं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर शरीरातली संप्रेरकं एकदम घटतात. पन्नाशीतल्या तक्रारी मग पस्तिशीतच सुरू होऊ शकतात.

या जळजळीवर आता प्रकाशाचा उपचार केला जातो. कमी शक्तीच्या लेसरचा लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जिभेवर थोडा वेळ धरतात. त्याने कापत नाही, भाजत नाही. पेशीत ऊर्जा तयार करणारे भाग हा प्रकाश शोषतात आणि वेदना कमी व्हायला मदत होते, असं मानलं जातं. कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटतं, तिथे हा प्रकाश चांगला उपयोगी पडला आहे. जिभेच्या जळजळीवरचे प्रयोग मात्र लहान आहेत. काही जणींना आराम पडतो, सगळ्यांना नाही. आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

इथे दोन गोष्टींचं भान हवं. पहिली, ‘लेसर’ हा शब्द मोठ्या बिलाचं निमित्त होऊ नये. कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्या गेल्याचा अनुभव याच जिल्ह्याच्या पदरी आहे. रक्त कमी असणं, बी-१२ची कमतरता, साखर, थायरॉईड, तोंडातली बुरशी, मिसरी, सुपारी, गुटखा, यांनीही तोंड जळतं. त्याची तपासणी आधी. कारण सापडलं, तर इलाज त्या कारणाचा. प्रकाशाची गरजच नाही.

दुसरी, हंगामात फडावर एक दिवस चुकला तर मुकादम खाडा कापतो. आठवड्यागणिक दवाखाना कोयत्यावरच्या बाईला परवडणार कसा?

म्हणून आपल्या मागण्या सरळ असाव्यात. हंगामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर होणाऱ्या आरोग्य तपासणीत ‘तोंड, जीभ जळते का?’ हा प्रश्न विचारावा. रक्ताच्या तपासण्या गावाजवळ व्हाव्यात. ज्यांना कारण सापडत नाही, त्यांच्यासाठी बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार, त्याच्या मर्यादा सांगून, मोफत मिळावा. आणि तो फडावरून गावी परतल्याच्या महिन्यांत पुरा करता यावा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा प्रश्न नक्की विचारा. ‘मनाचं आहे’ ऐकून गप्प बसलेल्या कितीजणी आपल्यातच निघतील.