विषाचे मोजमाप कोणासाठी?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. सुमारे वीस जण दगावले. ऑर्गनोफॉस्फेट गटातील विषाचा शरीरावर किती परिणाम झाला हे सांगणारी रक्ताची कोलिनेस्टरेझ तपासणी तेथील सरकारी रुग्णालयात तेव्हा होत नव्हती. पुढे चौकशी झाली, भरपाई जाहीर झाली. मूळ प्रश्न मात्र उरलाच : विष मोजायचे कोणासाठी?

विज्ञानाने मोजण्याचे एक सुटसुटीत साधन पुढे आणले आहे. मज्जातंतूंमधील संदेश वेळेवर थांबवण्याचे काम ॲसिटिलकोलिनेस्टरेझ हे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. ऑर्गनोफॉस्फेट व कार्बामेट कीटकनाशके नेमके तेच निकामी करतात. म्हणून किडा मरतो आणि माणूसही. जैवसंवेदकात हेच विकर छोट्या विद्युतपट्टीवर बसवतात. ते शाबूत असेल तर ठरावीक द्रव्याचे विघटन होऊन वीजप्रवाह मिळतो. नमुन्यात विष असेल तर प्रवाह घटतो. ही घट म्हणजेच विषाचे माप. पट्टीवर सोन्याचे नॅनोकण, कार्बनच्या नॅनोनळ्या किंवा ग्राफीन यांचा थर दिला की विकर नीट टिकते आणि अत्यल्प विषही कळते. याच तत्त्वावर रक्ताच्या थेंबातील विकराची पातळीही मोजता येते.

हा जादूचा दिवा नव्हे. विष कोणते हे तो सांगत नाही. पायरेथ्रॉइडसारखी वेगळ्या मार्गाने मारणारी विषे त्याला दिसत नाहीत. उष्णतेने विकर बिघडते. तरीही प्राथमिक चाळणीसाठी तो गावपातळीवर मोलाचा ठरेल.

परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वेगळीच शंका येते. बाजार गरज ओळखत नाही, क्रयशक्ती ओळखतो. २००३ मध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याने युरोपातील निर्यात अडचणीत आली आणि २००६ पासून निर्यातीच्या द्राक्षांची प्रयोगशाळेत तपासणी करून बागेपर्यंत माग लावणारी व्यवस्था उभी राहिली. ती आवश्यकच होती. पण फवारणी करणाऱ्यांचे काय? ऑर्गनोफॉस्फेट व कार्बामेट हाताळणाऱ्या कामगारांच्या रक्तातील कोलिनेस्टरेझ दरमहा मोजण्याचे बंधन १९७१ च्या कीटकनाशक नियमांनीच घातले होते. द्राक्षाच्या घडामागे परदेशी ग्राहक उभा होता, म्हणून नियम अंमलात आला. रोजंदारीवर पाठीवर पंप घेणाऱ्याच्या मागे कोणी उभे नव्हते, म्हणून नियम कागदावर राहिला.

तेव्हा नवे यंत्र आपोआप मजुरापर्यंत पोहोचेल या भ्रमात कोणी राहू नये. जनतेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे फळ प्रथम जनतेच्या आरोग्यासाठी वापरले जावे. निरोगी माणसांतही ही पातळी कमीजास्त असते. म्हणून फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक फवारणी मजुराची मूळ पातळी विनामूल्य नोंदवावी, हंगामात ती पुन्हा तपासावी आणि ती घसरल्यास त्याला मजुरीसह फवारणीतून सुट्टी द्यावी. ही शेवटची अट गाळली तर सारे व्यर्थ आहे. कारण आज चूल पेटवायची असेल तर मजूर उद्याचे विष पत्करतोच.

अतिजहाल विषांवर बंदीची मागणी सोडून ही तपासणी मागायची नाही. दोन्ही एकत्र मागायच्या आहेत. येत्या खरिपापूर्वी कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात जाऊन एवढेच विचारावे : कोलिनेस्टरेझची तपासणी येथे होते काय? उत्तर नकारार्थी आले, तर आंदोलनाचा पहिला मुद्दा हाती आला असे समजावे.