वेडाचा शिक्का मारण्याआधी पाठीतलं पाणी तपासा

कालपर्यंत कॉलेजात जाणारी मुलगी आठवडाभरात झोपेनाशी होते, घरच्यांवरच संशय घेते, असंबद्ध बोलत राहते आणि मग बोलायचीच थांबते. तोंड, हात वेडेवाकडे हलू लागतात, फिट येते. कुणी म्हणतं अभ्यासाचा ताण, कुणी म्हणतं बाहेरचं. आईबाबांनो, देवऋषीकडे एक दिवसही घालवू नका. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटली असू शकते. यालाच ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणतात.

न्यूयॉर्कची पत्रकार सुझाना कॅहलान २००९ मध्ये, २४ वर्षांची असताना, अशीच आजारी पडली. दारू सोडल्याचा परिणाम, मानसिक आजार, असे तर्क झाले. डॉ. सुहेल नज्जर यांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिने सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले, डावी बाजू कोरी. मेंदूच्या उजव्या भागाला सूज होती. उपचार मिळाले आणि ती पुन्हा कामावर गेली. तिला झालेल्या या आजाराच्या प्रकाराला नाव मिळून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

मानसोपचाराच्या निदानयादीत या आजाराला स्वतंत्र जागा द्यावी का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. रक्तात मेंदूवर उलटणारी अँटीबॉडी दिसली की लगेच हेच निदान होईल आणि नको त्याला स्टेरॉइड मिळतील, ही भीती खोटी नाही. म्हणून २०२० मध्ये तज्ज्ञांनी शक्य, संभाव्य आणि निश्चित अशा निदानाच्या पायऱ्या आखून दिल्या. पण हे रुग्ण बहुधा आधी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जातात. यादीत नाव नसेल तर डॉक्टरांना शंका यायला उशीर होतो. मला तरी ही जागा हवीच वाटते.

उशीर फार महाग पडतो. सुझानाला झालेल्या प्रकाराच्या ५७७ रुग्णांच्या २०१३ मधल्या अभ्यासात उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के दोन वर्षांत स्वतःचं स्वतः करू लागले, आणि लवकर उपचार झालेल्यांची स्थिती अधिक चांगली होती.

प्रत्येक मानसिक आजार म्हणजे ऑटोइम्यून एन्सेफलायटिस नव्हे, तो दुर्मीळच. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. पण वागणं झपाट्याने बदललं असेल, सोबत फिट, ताप किंवा विचित्र हालचाली असतील, मानसोपचाराच्या गोळ्यांनी अंग ताठरलं असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, तारखा लिहून ठेवा, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. ईईजी, पाठीतल्या पाण्याची अँटीबॉडी तपासणी आणि तरुण मुलींमध्ये अंडाशयाची सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना आजच विचारा.