दोनशे गुणांत कोलामीला जागा कुठे?

वणीच्या अभ्यासिकांमध्ये पोलीस आणि तलाठी भरतीच्या पुस्तकांशेजारी बालमानसशास्त्राचे पुस्तकही उघडलेले दिसते. ते वाचणाऱ्यांना शिक्षक व्हायचे असते. अनेकांच्या हाती डी.एड.ची पदविका किंवा बी.एड.ची पदवी कधीचीच आली आहे. काहींची तर वयोमर्यादाही जवळ आली आहे.

लोकनायक बापूजी अणे १८८० साली याच वणीत जन्मले. वकिली आणि राजकारणात नाव काढण्याआधी त्यांनी अमरावतीला काही वर्षे शाळेत शिकवले. त्यांना ना टीईटी द्यावी लागली, ना पोर्टलवर पसंतीक्रम भरावा लागला. आजच्या उमेदवाराला आधी टीईटी ही पात्रता परीक्षा पास व्हावी लागते, मग दोनशे गुणांची अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, मग गुणवत्ता यादी. एवढे सगळे जुळून आले की तीन वर्षे शिक्षण सेवक. त्याचे प्राथमिकचे मानधन २०२३पर्यंत सहा हजार रुपये होते, आता सोळा हजार आहे. ही अभियोग्यता चाचणी २०१७च्या डिसेंबरात पहिल्यांदा झाली. दुसरी थेट २०२३ साली. पहिल्या खेपेला दोन-चार गुणांनी हुकलेल्याने मधली पाच वर्षे काय करायचे, याचे उत्तर कोणत्याच शासन निर्णयात नव्हते. त्याच काळात टीईटीच्या निकालातला घोटाळा उघड झाला आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे नापास झालेल्यांची तेव्हा कोणी साधी विचारपूसही केली नाही.

तरीही ही मुले अभ्यास सोडत नाहीत. मात्र त्यांच्या चिकाटीचे कौतुक करून थांबण्यात अर्थ नाही. एवढी चाळणी लावून निवडलेला शिक्षक शेवटी पोहोचतो कुठे आणि तिथल्या मुलांच्या किती उपयोगी पडतो, हे पाहायला हवे.

वणीपासून मारेगाव, झरी-जामणीकडे निघाले की कोळसा आणि कापसाच्या मुलखातच कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, लागतात. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांत कोलाम मोडतात. त्यांची कोलामी द्राविडी कुळातली, मराठीशी सोयरीक नसलेली. घरात ती बोलणारे सहा वर्षांचे पोर शाळेत येते तेव्हा गुरुजींचे पहिलेच वाक्य त्याला परके असते. पोर गप्प बसते आणि शेरा पडतो, ‘लक्ष देत नाही’. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा असे म्हटले आहे. त्या दोनशे गुणांच्या चाचणीत मात्र १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला आणि कोलामी किंवा गोंडी येण्याला शून्य.

स्थानिकांना नेमण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांसह काही पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या प्रकरणात असे शंभर टक्के आरक्षण रद्दबातल ठरवले आणि महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रातली ही ‘पेसा’ भरतीही न्यायालयीन वादात सापडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आमदारांनी या भरतीसाठी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या घेतल्या. लोकांनी ती चित्रफीत चवीने पाहिली. मानधनावर तात्पुरत्या नेमणुका झाल्या, मूळ प्रश्न जागेवरच राहिला.

जातीच्या दाखल्याऐवजी भाषेला गुण दिले तर? पोडावरच्या जागांसाठी कोलामी किंवा गोंडी बोलता येणाऱ्या कोणत्याही उमेदवाराला वाढीव गुण द्यावेत, मग तो कोलाम असो, गोंड असो की त्यांच्यात वाढलेला कुणब्याचा मुलगा. प्रमाणपत्रावर मात्र विसंबू नये. टीईटीत जे विकले गेले ते इथेही विकले जाईल. पोडावरची चार जाणती माणसे समोर बसवून पंधरा मिनिटे बोलायला लावावे. मुलांशी बोलायचेच पद आहे, तर बोलणे तपासायला हरकत कसली?

याने गुणवत्ता घसरेल, अशी ओरड होईल. ती करणाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ आठवावा. साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक हवेत. पण कमी पटाच्या शाळांत त्यांतला एक कंत्राटी, पंधरा हजारांवर नेमायचे सरकारने तेव्हा ठरवले होते. २०२५च्या फेब्रुवारीत तो निर्णय मागे घ्यावा लागला. असल्या लहान शाळा बहुधा पोड-तांड्यांवरच असतात. तिथली गुणवत्ता तेव्हा कोणाला आठवली नव्हती.

चाचणीचे निकष शासन निर्णयाने ठरतात, तेव्हा पुढच्या जाहिरातीआधी ते बदलायला विधिमंडळाची वाट पाहायचे कारण नाही. मागणी मात्र इथूनच जायला हवी आणि वणीकरांना ती दोन दिशांना न्यावी लागेल. त्यांची जिल्हा परिषद यवतमाळला, लोकसभा मतदारसंघ चंद्रपूरचा.