मधपेटी पन्नास फूट हलवताय? आधी हे वाचा

केंद्र सरकारने २०२० मध्ये राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. पुढे त्याची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' झाले. डाळिंब, सूर्यफूल, कांदा बीजोत्पादन या पिकांत परागीभवनासाठी मधपेट्या ठेवल्या जातात. मात्र चर्चा होते ती किती पेट्या वाटल्या याची. शिवारात आलेली पेटी कधी आणि कशी हलवली जाते, याकडे फारसे लक्ष जात नाही. नुकसान नेमके तिथेच होते.

ट्रॅक्टरला वाट हवी, सावली सरकली, म्हणून पेटी भरदिवसा उचलून बांधापलीकडे ठेवली जाते. अंतर थोडे, त्यामुळे धोका वाटत नाही. पण कामकरी माशी मुख्यतः जागेच्या खुणांवरून घरी परतते. ओळखीच्या टापूत ती सवयीने जुन्याच जागी येते, घिरट्या घालते आणि पेटी सापडली नाही तर मरते. आत राणी, पिलावा आणि घरकाम करणाऱ्या कोवळ्या माश्या उरतात. पेटी भरलेली दिसते, पण फुलांवर जाणारी फौज गेलेली असते. परागीभवनासाठी भाडे दिले असेल, तर ते याच फौजेचे असते. पाच किलोमीटरवर नेलेल्या माश्यांना मुलूखच नवा असतो, त्यामुळे त्या नव्या खुणा टिपूनच बाहेर पडतात.

म्हणून अंतर पाहून पद्धत निवडा.

तीस फुटांपर्यंत : सूर्यास्तानंतर रोज दोन-तीन फूट सरकवा. दाराची दिशा तीच ठेवा. पाऊस किंवा थंडीमुळे माश्या उडाल्या नाहीत, तर त्या दिवशी पेटी हलवू नका.

त्याहून जास्त, पण त्याच शिवारात : शक्य असल्यास पेटी पाच किलोमीटरपलीकडे तीन आठवडे ठेवा आणि मग नव्या जागी आणा. ते जमत नसेल तर रात्री दाराला जाळी लावून पेटी हलवा. सकाळी दार उघडताना समोर पानांची फांदी आडवी लावा. अडथळा दिसला की माश्या थबकतात आणि जागा नव्याने ओळखतात. तरीही काही माश्या जुन्या जागी जातील. तिथे चौकटी घातलेली रिकामी पेटी ठेवा आणि अंधार पडल्यावर त्यात जमलेल्या माश्या मूळ पेटीत सोडा.

हलवताना : चौकटी घट्ट बसवा, पेटी पट्ट्याने बांधा, हवा खेळती ठेवा. नवे पोळे मऊ असते, ते धक्क्याने तुटते. उन्हाळ्यात दार बंद करून पेटी उन्हात ठेवू नका. सातेरी माश्या त्रास झाला की पेटी सोडून जातात, त्यांना विशेष जपा.

फवारणीसाठी पेटी इकडेतिकडे नेऊ नका. फुलोऱ्यात मधमाश्यांना घातक कीटकनाशक टाळाच. फवारणी अटळ असेल तर पेटीमालकाला आदल्या दिवशी कळवा आणि माश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारा.

विस्तार कार्यकर्त्यांनी पेटी देतानाच जागा पक्की करून घ्यावी : सकाळचे ऊन, दुपारची सावली, जवळ पाणी आणि ट्रॅक्टरच्या वाटेपासून दूर. जागा पहिल्याच दिवशी योग्य निवडली, तर पेटी हलवण्याची वेळच सहसा येत नाही.